जिवंत काडतूस

आपल्या जळगाव-धुळ्याच्या पेपरात एक बातमी अधूनमधून असतेच. नाव बदलतं, गाव बदलतं, वाक्य तेच राहतं : 'गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसांसह एकास अटक.' आपण वाचतो आणि पान उलटतो.

या वाक्यात सगळ्यांचं लक्ष कट्ट्याकडे जातं. माझं काडतुसावर अडकतं. कारण मी वरणगावचा. १९६४ पासून आमच्या गावाची ओळखच काडतूस आहे. बाहेरचे लोक 'ऑर्डनन्स फॅक्टरी' म्हणतात, आम्ही नुसतं 'फॅक्टरी' म्हणतो. सैन्याच्या रायफलींच्या गोळ्या इथे तयार होतात. २०२१ मध्ये जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा आमची फॅक्टरी पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली. पाटी बदलली, काम तेच आहे.

कट्टा आणि काडतूस यांत एक मोठा फरक आहे. कट्टा कुठल्याही शेडमध्ये ठोकून-घासून बनतो. चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या उमर्टीचं नाव त्यासाठी सगळ्या राज्यात बदनाम झालंय. काडतुसाचं तसं नाही. पितळी पुंगळी, बुडाची टोपी, आतली दारू आणि पुढची गोळी, सगळं मापात बसावं लागतं. ते काम कारखान्याचं. म्हणजे कट्ट्यासोबत जे जिवंत काडतूस सापडतं, ते बहुतेक वेळा कुठल्यातरी कायदेशीर कारखान्यात जन्मलेलं असतं. मग ते तिथून त्या पोराच्या खिशापर्यंत आलं कसं?

हा प्रश्न साधा आहे. पण आपल्याकडे तो सहसा विचारला जात नाही. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

मित्रांनो, या देशात सरकारने बंदुकीपेक्षा काडतुसाची भीती जास्त बाळगली आहे. सुरुवात अर्थातच १८५७ ची. नव्या एन्फिल्ड रायफलीचं काडतूस कागदी होतं, ते दातांनी फाडावं लागे. त्याला गाईची आणि डुकराची चरबी लावलीय ही बातमी पसरायला सुरुवात झाली कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारातून, जानेवारी १८५७ मध्ये. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

खान्देशातही ती आग आली. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक इंग्रजांवरच उलटला, सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांची आणि इंग्रज फौजेची लढाई झाली. गंमत बघा, १८२५ मध्ये जेम्स औट्रमने याच भिल्लांना हाताशी धरून खान्देश भिल्ल कोअर उभी केली होती. धरणगावला तिचं ठाणं होतं. औट्रम त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारी करायचा आणि त्यातून त्यांचा विश्वास मिळवायचा. म्हणजे बंदूक साहेबाच्या बाजूने चालली की ती शिकार, विरुद्ध चालली की बंड. हत्यार तेच, माणूसही तोच.

उठाव मोडल्यावर लोकांची हत्यारं काढून घेणारे कायदे आले आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने हत्यारांचा कायदा पक्का केला. भारतीयाला परवाना लागणार, युरोपियनाला सूट. त्याच वर्षी लिटननेच देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधन घालणारा कायदाही आणला होता. पुढे रिपनच्या काळात तो रद्द झाला. हत्यारांचा मात्र राहिला.

आता मूळ मुद्दा, जो फार लोकांना ठाऊक नाही. नुसता परवाना ठेवून इंग्रजांचं समाधान झालं नाही. त्यांनी 'बोअर' बघायला सुरुवात केली. बोअर म्हणजे नळीचं माप, त्यावरून ठरतं कुठलं काडतूस बसेल. १९०७ च्या सुमाराला त्यांनी पॉइंट ४५० मापाची काडतुसं हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये खासगी वापरासाठी आणायला बंदी घातली. कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि त्यांना या गोळ्या उपयोगी पडतील ही धास्ती. झालं काय? हत्ती-वाघ मारणाऱ्या साहेबांची पंचाईत झाली. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी पॉइंट ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापं काढली. आज आफ्रिकेतल्या मोठ्या शिकारीसाठी नावाजलेलं पॉइंट ४७० त्या बंदीतूनच आलेलं आहे. ताकद तीच, माप फक्त केसभर वेगळं. म्हणजे सरकारचा आक्षेप गोळीच्या ताकदीला नव्हता. 'ही गोळी आमच्यावर उलटेल का?' एवढाच प्रश्न होता.

सैन्याच्या पॉइंट ३०३ चंही तेच. ते माप सैन्याचं, म्हणून प्रजेला नाही. प्रजेसाठी पॉइंट ३१५. आजही आपल्या देशात परवान्यावर सरकारी पॉइंट ३१५ ची रायफल मिळते, इशापूरच्या कारखान्याची.

स्वातंत्र्याच्या चळवळीला हा अपमान बोचत होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्कही होता. मग घटना लिहिताना तो का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. सरसकट हक्क दिला तर गुन्हेगारही तो मागेल, शस्त्रांवर राज्याचं नियंत्रण हवंच, असा त्यांचा रोख होता. मला तो पटतो. अमेरिकेत या हक्काचं काय झालं ते आपण रोज बघतोय.

पण नियंत्रण हवं, म्हणजे इंग्रजांची मापपट्टी जशीच्या तशी हवी, असं नाही. आपण नेमकी तीच ठेवली. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. २० ऑक्टोबरला चीनचं आक्रमण आलं. दोन वर्षांत वरणगावची फॅक्टरी उभी राहिली. कायदा नवा, देश नवा, पण 'प्रतिबंधित बोअर' ही कल्पना जुनीच. सैन्य-पोलिसांचं माप, म्हणजे पिस्तुलात ९ एमएम, सामान्य माणसाला नाही. त्याला पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल.

ताकदीचा हिशेब सांगतो. पॉइंट ३२ ची गोळी नळीतून सुटताना साधारण २०० ज्यूलच्या आतबाहेर ऊर्जा घेऊन जाते. ९ एमएमची ५०० च्या आसपास. अमेरिकेत १९३५ मध्ये पॉइंट ३५७ मॅग्नम आलं, १९५५ मध्ये पॉइंट ४४ मॅग्नम. या दुसऱ्याची ऊर्जा हजार ज्यूलच्या वर. तिथे काही राज्यांत लोक त्या हातातल्या रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार करतात, आणि त्यासाठी किमान किती ताकदीचं काडतूस पाहिजे याचे नियम आहेत. आपल्याकडे नियम 'जास्तीत जास्त' चा विचार करतो, तिकडे शिकारीचा नियम 'कमीत कमी' चा. कारण कमजोर गोळीने जनावर मरत नाही, जखमी होऊन तडफडतं.

इथे पुन्हा डमडम आठवतं. १८९० च्या दशकात त्याच कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने शरीरात शिरल्यावर फुलणारी मऊ टोकाची गोळी काढली. वायव्य सरहद्दीवरचे पठाण साध्या गोळीने थांबत नाहीत म्हणून. १८९९ च्या हेग परिषदेने ती युद्धात निषिद्ध ठरवली. आणि आज इंग्लंडमध्येच हरीण मारायचं तर फुलणारीच गोळी वापरावी लागते, तसा कायदा आहे. कारण जनावर लवकर मेलं पाहिजे. जी गोळी युद्धात क्रूर, ती शिकारीत दयेची. म्हणून म्हणतो, काडतूस चांगलं की वाईट हे नुसत्या मापावर ठरत नाही. ते कशासाठी आणि कुणाच्या हातात, यावर ठरतं.

आता आपल्या शेताकडे येऊ.

शिकार या देशात बंद आहे आणि ती बंदच राहावी. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्यप्राणी संरक्षणाचा कायदा केला, केंद्राचा १९७२ मध्ये आला. तेव्हा काही जनावरांच्या शिकारीला परवाना मिळायचा. १९९१ च्या दुरुस्तीने तेही थांबलं. त्यामुळेच आज मुक्ताईनगरच्या वढोदा-डोलारखेड्याच्या पट्ट्यात, केळीच्या बागांच्या शेजारी वाघ आहे. हे आपल्या जिल्ह्याचं भूषण आहे, यात वाद नाही.

पण रानडुक्कर आणि रोहीचं काय? रात्रीतून मक्याचा फड आडवा होतो, हरभरा खुडून जातो, केळीची बाग उकरली जाते. कायद्यात वाट आहे. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही जनावरांना मारायची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतो. पीकरक्षणासाठी वेगळ्या प्रकारचा बंदूक परवानाही आहे. कागदावर सगळं आहे. पण शेतकऱ्याने एकदा तहसील, पोलीस ठाणं आणि वनखातं अशी फेरी मारून बघावी. तोवर पीक कापणीला येतं किंवा संपतं.

मग काय होतं? परवान्याची जुनी बाराबोअर असेल तो छऱ्याचा बार लांबून टाकतो. डुक्कर जखमी होऊन उसात शिरतं आणि सकाळी पाणी द्यायला गेलेल्या माणसावर येतं. ज्याच्याकडे बंदूक नाही, तो कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटतं, बिबट्या चिकटतो आणि शेजारचा सालदारही चिकटतो. बंदुकीची एक गोळी मोजणारं सरकार त्या तारेतला करंट मोजत नाही.

माझं म्हणणं असं नाही की प्रत्येक शेतकऱ्याला रायफल द्या. उलट देऊ नका. गावात भाऊबंदकीचे वाद काय कमी आहेत? पण तालुक्याला मोजके प्रशिक्षित, परवानाधारक नेमबाज असावेत. त्यांच्याकडे कामाला योग्य असं काडतूस असावं. वनखात्याने बोलवावं, खात्याच्या माणसासमोर काम व्हावं, प्रत्येक पुंगळीचा हिशेब द्यावा. यात बंदूक वाढत नाही, जबाबदारी वाढते. आणि करंटच्या तारेला शेतकऱ्यापुढे दुसरा पर्याय उभा राहतो.

आणि आता पहिल्या बातमीकडे परत. पेपरात कट्ट्यासोबतच्या काडतुसाचं माप बऱ्याचदा '७.६५ एमएम' लिहिलेलं असतं. ७.६५ एमएम म्हणजेच पॉइंट ३२. म्हणजे ज्या मापाला सरकार 'नागरिकांसाठी चालेल' म्हणतं, तेच माप. शंभर वर्षं आपण बोअरवर पहारा ठेवला आणि चोर पहाऱ्यातल्या दारातूनच आत आला. परवानाधारकाच्या पुस्तकावर मात्र प्रत्येक काडतुसाची नोंद. वर्षाला किती, एका वेळी किती, मागचं कुठे गेलं. तो हिशेब द्यायला हरकत नाही. पण हिशेब दोन्ही बाजूंनी हवा.

काडतुसाच्या बुडाशी अक्षरं ठोकलेली असतात. कुठल्या कारखान्यात बनलं, कुठल्या वर्षी. ही अक्षरं म्हणजे त्या काडतुसाचा जन्मदाखला. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायदा कडक झाला, खुणा नसलेल्या शस्त्र-काडतुसांच्या व्यापारालाही त्यात बेकायदा तस्करीत धरलंय. मग जप्तीच्या प्रत्येक बातमीत एवढंच सांगा : बुडाशी काय लिहिलं होतं, आणि ते काडतूस शेवटचं कायदेशीरपणे कुणाच्या ताब्यात होतं. दुकानदार? परवानाधारक? की सरकारी कोठार? वर्षाच्या शेवटी जिल्ह्याचा तक्ता जाहीर करा. किती जप्त, किती माग लागला, किती नाही.

उमर्टीला छापे पडतात, भट्ट्या मोडतात, पुन्हा पेटतात. भट्टी पेटवायला कोळसा पुरतो. काडतूस कोळशातून निघत नाही. तो नळ बंद केला तर कट्टा म्हणजे लोखंडाचा तुकडा.

पुढच्या वेळी 'दोन जिवंत काडतुसांसह' असं वाचाल, तेव्हा पान उलटण्याआधी बातमीदाराला, पोलीस ठाण्याला, आपल्या आमदाराला एकच विचारा : बुडाशी काय लिहिलं होतं?

तुमच्या तालुक्यात डुकराचा, रोहीचा काय अनुभव आहे, परवानगी मिळाली का, किती दिवसांत मिळाली, खाली लिहा. वाद घाला, पण मुद्द्यावर. पटलं तर पुढे पाठवा.