टुर्निकेट: बदनाम झालेला पट्टा

मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्त जाऊन दगावतो. उपाय जुना आहे. जखमेच्या वर पट्टा बांधायचा, त्यात दांडी घालायची आणि रक्त थांबेपर्यंत पिळायची. १७१८ मध्ये झाँ-लुई पेती या फ्रेंच सर्जनने त्याला स्क्रू बसवला. टुर्निकेट हा शब्दही फ्रेंचच, ‘फिरवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला.

६ एप्रिल १८६२. अमेरिकन यादवी युद्धातली शायलोची लढाई. दक्षिणेचे जनरल अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन घोड्यावर होते. गोळी गुडघ्यामागे लागली, रक्त बुटात साचत गेलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. आपल्या डॉक्टरांना त्यांनी आधीच जखमींकडे पाठवलं होतं. त्यात शत्रूचेही जखमी होते. जनरल तिथेच गेले. टुर्निकेट त्यांच्या खिशातच होतं, असं सांगतात.

मग इतकं साधं साधन बदनाम का झालं? पहिल्या महायुद्धात खंदकातला जखमी इस्पितळात पोचायला तासन्‌तास लागत. सर्जनला दिसे तो पट्ट्याखाली काळा पडलेला पाय. तो कापावा लागे आणि ठपका पट्ट्यावर येई. पुढे कित्येक वर्षं ‘अगदी शेवटचा उपाय’ म्हणूनच तो शिकवला गेला. माझं मत विचाराल तर दोष उशिरा पोचणाऱ्या स्ट्रेचरचा होता. शिवाय ज्याला पट्टा बांधलाच नाही, तो त्या टेबलापर्यंत आलाच नाही. त्याची मोजदाद कोण करणार?

ती पुढे झाली. व्हिएतनाममध्ये अडीच हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक हातापायांच्या रक्तस्रावाने गेले, असा अंदाज निघाला. १९९६ मध्ये नौदलाचे डॉक्टर फ्रँक बटलर आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की गोळीबार चालू असतानाच टुर्निकेट बांधा. मग बगदादच्या लष्करी इस्पितळात जॉन क्राघ यांनी २३२ जखमींची नोंद ठेवली. शॉक लागण्याआधी ज्यांना बांधलं, त्यांतले ९० टक्के वाचले; नंतर बांधलेल्यांतले १० टक्के. पट्ट्यामुळे एकही हातपाय गेला नाही. अर्थात, तिथे जखमीला उचलायला हेलिकॉप्टर होतं.

युक्रेनमध्ये ते नाही. वर ड्रोन घिरट्या घालतात, जखमी रात्रभर खड्ड्यात अडकतो आणि हातपाय पुन्हा जाऊ लागले आहेत. म्हणून आता पट्टा बांधण्याइतकाच तो सोडवण्यावर भर आहे: वेळ लिहा, आणि रक्तस्राव आटोक्यात असेल तर दोन तासांच्या आत दाबपट्टी बांधून टुर्निकेट सैल करा.