पाटकऱ्यावर भरवसा, मोजणीदारावर संशय

१८५२ सालच्या अखेरीस खानदेशात सरकारी जमीन-मोजणीविरुद्ध मोठा उठाव झाला. सावदा, फैजपूर, एरंडोल ही त्याची प्रमुख ठाणी. आज ही गावे जळगाव जिल्ह्यात आहेत. मोजणी अधिकाऱ्यांच्या तंबूंभोवती हजारो शेतकरी जमले आणि मोजणी बंद करून चालते व्हा असे त्यांनी बजावले. अखेर कलेक्टर मॅन्सफील्ड यांनी लष्कर आणले, पुढाऱ्यांना पकडले आणि मोजणी पुढे सुरू झाली.

त्याच काळात, त्याच खानदेशाच्या पश्चिम भागात, पांझरा नदीकाठचे शेतकरी पाटकरी नावाच्या एका साध्या माणसाचा शब्द मानत होते. कोणाच्या शेतात पाणी कधी सोडायचे आणि कधी बंद करायचे हे तो ठरवी. त्याच्यामागे ना लष्कर होते, ना कचेरी. पाणी म्हणजे तर पिकाचा प्राण. असे असताना मोजणीदारावर संशय आणि पाटकऱ्यावर भरवसा, हे कसे? खानदेशी शेतकरी अडाणी व भित्रा होता, असे उत्तर त्या वेळच्या काही इंग्रज अधिकाऱ्यांना सोयीचे वाटले असेल. आम्हाला ते पटत नाही.

संशयालाही इतिहास असतो

१८०२ ते १८०४ या काळात लढायांची लूट आणि दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला होता. १८१८ मध्ये पेशवाई संपून इंग्रजी अंमल आला. नव्या सरकारची शेतकऱ्याशी गाठ पडे ती मुख्यतः साऱ्याच्या वसुलीपुरती. शेजारच्या पुणे भागात प्रिंगल यांनी केलेल्या पहिल्या पाहणीतून ठरलेला सारा इतका जड झाला, आणि त्याच्या वसुलीत इतका जुलूम झाला, की शेतकरी गावे सोडून गेले. पुढे गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात नवी पद्धत बसवली. तिच्यात सारा कमी करून तो ३० वर्षांसाठी कायम केला होता. खानदेशात आली ती हीच सुधारलेली पद्धत. म्हणजे मोजणीत शेतकऱ्याचा काही फायदाही होण्यासारखा होता.

पण हे शेतकऱ्याला कसे कळावे? साखळी कोठे धरली, जमिनीची प्रत कोणत्या हिशेबाने लावली, चूक झाली तर दाद कोठे मागायची, यांपैकी काहीच त्याच्या हातात नव्हते. मोजणी म्हणजे सारावाढ, एवढाच अर्थ त्याने पूर्वानुभवावरून काढला. अपुऱ्या माहितीत केलेले ते अनुमान होते. ते चुकीचे असेल, पण निराधार नव्हते.

पॉल स्लोविक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली या विषयावर एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. विश्वास जमायला फार काळ लागतो, तुटायला एक घटना पुरते. आणि एकदा तुटला की त्यानंतर आलेली चांगली बातमीही माणसे संशयानेच ऐकतात. १८५२ च्या खानदेशाला हे वर्णन चपखल लागू पडते.

फड पद्धतीची रचना

आता पांझराकाठी जाऊ. ही नदी साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते, धुळे शहरातून वाहते आणि पुढे तापीला मिळते. तिच्यावर ठिकठिकाणी दगडी बंधारे बांधून पाट काढले होते. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षांपूर्वीची मानली जाते. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे साधारणतः तीन-चार मोठे भाग पाडत. त्या प्रत्येक भागाला फड म्हणत. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात गहू किंवा हरभरा. पुढच्या वर्षी पिकांची फेरपालट होई.

या रचनेतली खरी खुबी अशी, की बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाणी कमी पडले आणि एक फड कोरडा ठेवायचे ठरले, तर तोटा एकट्याच्या वाट्याला येत नसे, सगळ्यांत वाटला जाई. निर्णय घेणाऱ्या पंचांची स्वतःची जमीनही त्याच फडांत असे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, त्याच्यावर देखरेख हवालदाराची आणि पिकाची राखण जागल्याची. त्यांचा मेहनताना शेतकरीच पिकातून देत. पावसाळ्यापूर्वी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी मिळून जायचे. नियम मोडणाऱ्याला दंड होई.

म्हणजे पाटकऱ्यावरचा भरवसा हा आंधळा नव्हता. त्याचे काम रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चाले. एका फडात एकच पीक असल्यामुळे कोणाला किती पाणी मिळाले हे पिकाकडे पाहूनच कळे. पाटकरी चुकला तर जाब विचारता येई आणि त्याला बदलताही येई. एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी जगभरच्या अशा सामाईक व्यवस्थांचा अभ्यास करून १९९० साली एक ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांनी स्पेनमधील पाटबंधारे, स्वित्झर्लंडमधील कुरणे आणि जपानमधील गावराने तपासली होती. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही समान गोष्टी आढळल्या. हद्द स्पष्ट असते, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असतात, नियम ठरवण्यात वापरणाऱ्यांचा हात असतो, देखरेख करणारा त्यांनाच जबाबदार असतो, आणि शिक्षा सौम्यापासून सुरू होऊन चढत जाते. या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही यादी फड पद्धतीशेजारी ठेवून पाहा; बरेच काही जुळते.

एक उणीव मात्र झाकून ठेवता येणार नाही. फड ही जमीनधारकांची व्यवस्था होती. ज्याला जमीन नाही त्याला तिच्या निर्णयात स्थान नव्हते. संस्थेवर विश्वास आहे असे म्हणताना तो कोणाचा, हे विचारायलाच हवे.

मनाची तग

संकटात मोडून न पडण्याच्या आणि पडले तरी पुन्हा उभे राहण्याच्या क्षमतेला आपण मनाची तग म्हणू. ती व्यक्तीच्या स्वभावात असते असा सर्वसाधारण समज आहे. संशोधन मात्र वेगळेच सांगते. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. त्यांतली सुमारे एकतृतीयांश मुले अत्यंत बिकट परिस्थितीत वाढली होती. तरीही त्यांच्यातली साधारण तिसरा हिस्सा मुले समर्थ, मायाळू माणसे झाली. ज्याच्यावर विसंबता येईल असे निदान एक मोठे माणूस त्यांच्या आयुष्यात होते, हे त्यामागचे एक प्रमुख कारण आढळले. असे माणूस म्हणजे कधी आजी, कधी शेजारी, आणि पुष्कळदा शाळेतले शिक्षक.

याची दुसरी बाजूही पाहा. १९७२ साली अमेरिकेतील बफेलो क्रीक या खोऱ्यात कोळसा कंपनीचा धरणवजा बांध फुटून १२५ माणसे मेली. काय एरिक्सन या समाजशास्त्रज्ञाने वाचलेल्या लोकांचा अभ्यास केला. त्यांना तात्पुरती घरे मिळाली, पण जुने शेजार मोडून. कंपनीने आपत्तीचा दोष देवावर ढकलला. लोकांचे दुःख लांबत गेले ते केवळ पुरामुळे नव्हे. शेजार तुटला आणि ज्यांनी जबाबदारी घ्यायची त्यांनी ती टाळली, म्हणूनही.

खानदेशातील दुष्काळांकडे या दृष्टीने पाहता येते. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ ‘छपन्नचा दुष्काळ’ म्हणून ओळखला जातो. मुंबई इलाख्यात ठरलेले काम पुरे न करणाऱ्या भुकेल्या मजुरांची मजुरी दंडादाखल आणखी कमी केली जाई. १९०१ साली मॅक्डोनेल आयोगाने यावर टीका केली. त्यांची एक शिफारस आजही वाचण्यासारखी आहे. लोकांचे मन खचण्यापूर्वीच सारा तहकूब करा, बियाण्यांसाठी आणि विहिरींसाठी तगाई द्या, म्हणजे त्यांना धीर येईल, असा तिचा आशय होता. माणसांचा धीर हा सरकारने वेळेवर दिलेल्या शब्दावर अवलंबून असतो, ही जाणीव तेव्हाच्या सरकारी कागदात आहे.

१९७०-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने निराळा मार्ग धरला. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. लोकांनी मोर्चे काढून काम मागितले आणि सरकारला ते द्यावे लागले. त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व १९७९ पासून अंमलात आला. काम मिळणे ही मेहेरबानी राहिली नाही, मागता येण्याजोगा हक्क झाला. मागणी करता येते आणि ती ऐकली जाते, हा अनुभवच मनाला बळ देतो.

विश्वास की विश्वासार्हता?

फड पद्धतीला पुढे उतरती कळा लागली. नदीवर वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप आले, आणि ज्याला स्वतःचे पाणी मिळाले त्याला इतरांबरोबर एकच पीक घेण्याची गरज उरली नाही. एकमेकांवाचून अडेनासे झाले, तशी शिस्त सैल झाली.

दुसरीकडे, केवळ विश्वास असून भागत नाही हेही याच मुलखाने पाहिले. या शतकाच्या पहिल्या दशकात जळगाव जिल्ह्यातील अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. ठेवीदारांचा विश्वास कमी पडला असे म्हणता येणार नाही. पैसे त्यांनी विश्वासानेच ठेवले होते. पण पाटातले पाणी जसे सगळ्यांना दिसे, तसे हिशेब दिसत नव्हते. तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ सालच्या आपल्या व्याख्यानमालेत हाच भेद केला आहे. लोकांचा विश्वास वाढवा, हे ध्येय चुकीचे. संस्था विश्वासाला पात्र करा आणि ती पात्रता लोकांना तपासता येऊ द्या, हे खरे.

धुळे जिल्ह्यातच साक्री तालुक्यात बारीपाडा हे आदिवासी गाव आहे. तेथे १९९० च्या दशकापासून गावकऱ्यांनी स्वतः नियम करून, राखण करून, दंड ठरवून जंगल पुन्हा उभे केले. या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. नियमांचे स्वरूप पाहिले तर फडाची आठवण होते. येथे मात्र राखण आहे ती साऱ्या गावाच्या जंगलाची.

हा धडा वर्गात नेणे अवघड नाही. मुलांना गावातल्या तीन संस्था निवडायला सांगावे: दूध सोसायटी, ग्रामपंचायत, रेशन दुकान, कोणत्याही. प्रत्येकीबद्दल चार प्रश्न घरी विचारून यावेत. नियम कोणी केले? काम सगळ्यांना दिसते का? चूक झाली तर जाब कोणाला विचारता येतो? निर्णयात कोणाला स्थान नाही? उत्तरांचा तक्ता करून फळ्यावर लावावा. मग चौथी संस्था म्हणून आपली शाळा घ्यावी आणि तेच चार प्रश्न मुलांना विचारू द्यावेत.