सागरी सूत्रकृमी, मुक्तजीवी

समुद्रतळावरील वाळूत व चिखलात स्वतंत्रपणे राहणारे, दोऱ्यासारखे बारीक, खंडरहित कृमी. आतड्यांतील जंत, नारू व हत्तीरोगाचा कृमी यांमुळे सूत्रकृमी संघ सामान्यतः परजीवी म्हणूनच परिचित आहे. तथापि या संघातील पुष्कळ जाती कोणाच्याही शरीराचा आश्रय न घेता जगतात. समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या, वैनगंगेच्या खोऱ्यातील चामोर्शी परिसरासारख्या भातखाचरांच्या चिखलातही मुक्तजीवी सूत्रकृमी असतात. समुद्रतळावर मात्र त्यांचे प्राबल्य विशेष असून एक चौ. मी. क्षेत्रात त्यांची संख्या अनेकदा दहा लाखांहून अधिक भरते. इतक्या विपुल प्राण्यांकडे विज्ञानाचे लक्ष उशिरा गेले व त्यांच्या अभ्यासाचे प्रयोजनही काळानुसार बदलत गेले.

शरीररचना : बहुतेक जाती १ ते ३ मिमी. किंवा त्याहून लहान असतात. शरीर दंडगोलाकार व दोन्ही टोकांकडे निमुळते असून त्यावर चिवट उपत्वचा असते. तिच्याखाली केवळ लांबीच्या दिशेचे स्नायू असतात. वलयाकार स्नायू नसतात. देहगुहेतील द्रवाच्या दाबामुळे शरीर ताठ राहते. त्यामुळे हे कृमी गांडुळाप्रमाणे आखूड-लांब न होता नागमोडी हालचाल करतात. रुधिराभिसरणाची व श्वसनाची वेगळी इंद्रिये नसतात. डोक्यावर संवेदी रोम व दोन्ही बाजूंस एकेक रासायनिक संवेदनांग असते. शेपटीतील ग्रंथींच्या चिकट स्रावामुळे अनेक जाती वाळूच्या कणांना धरून राहू शकतात. नर व मादी बहुधा भिन्न असून वाढ होताना पिल्लू चार वेळा कात टाकते.

अभ्यासाचा इतिहास : इंग्रज वैद्य हेन्री चार्ल्टन बॅस्टियन यांनी १८६५ मध्ये समुद्र, जमीन व गोडे पाणी यांतील मुक्तजीवी सूत्रकृमींच्या १०० नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. डच प्राणिवैज्ञानिक डी मान यांनी १८८६ मध्ये उत्तर समुद्रातील जातींची शरीररचना मांडली. शरीराच्या लांबीचे रुंदी, ग्रसिका व शेपटी यांच्याशी असलेले प्रमाण देण्याची त्यांची पद्धत आजही वापरली जाते. अमेरिकेतील नेथन कॉब (१८५९–१९३२) यांनी सूत्रकृमिविज्ञानास स्वतंत्र शाखेचे स्थान मिळवून दिले. रशियन शास्त्रज्ञ फिलिप्येव्ह यांनी सेव्हास्तोपोलजवळील सागरी जातींवरील ग्रंथाने (१९१८–२१) वर्गीकरणाचा पाया दृढ केला. हा सारा काळ मुख्यतः वर्णनाचा होता.

१९५३ मध्ये व्हीझर यांनी मुखगुहेच्या रचनेवरून या कृमींचे चार आहारगट केले. मुखगुहा अरुंद व दंतहीन असल्यास सूक्ष्मजंतूंसारखे अतिसूक्ष्म अन्न. रुंद पण दंतहीन असल्यास गाळातील मोठे कण. लहान दात असल्यास कणांवरील शैवल खरवडणे. आणि मोठे दात असल्यास शिकार. यामुळे जतन केलेल्या नमुन्यावरूनही त्या प्राण्याच्या जीवनक्रमाचा अंदाज बांधता येऊ लागला व वर्णनाला परिस्थितिविज्ञानाची जोड मिळाली.

हिंदी महासागराच्या परिसरात रिचर्ड टिम यांचे बंगालच्या उपसागरातील (१९६१) व गेरलाख यांचे मालदीव बेटांवरील (१९६२) कार्य महत्त्वाचे आहे. १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधातवीय गोटे वर काढले. मँगॅनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असलेल्या या गोट्यांसाठी १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील १·५ लाख चौ. किमी. क्षेत्र भारतास मिळाले. पुढे त्यातील निम्मे परत करण्यात आले.

गोटे उचलताना तळाचा वरचा थर ढवळला जाणार, आणि सूत्रकृमी प्रामुख्याने याच थरात राहतात. म्हणून १९९७ मध्ये सु. ५,३०० मी. खोलीवर गाळ उपसून पुन्हा तळाजवळ सोडण्याचा प्रयोग करण्यात आला. बबन इंगोले व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधीची व नंतरची सूक्ष्म प्राणिसृष्टी तपासली. तीत सूत्रकृमी सर्वाधिक होते व ढवळलेल्या पट्ट्यात या प्राणिसृष्टीची संख्या घटल्याचे दिसले. अशी हानी किती काळ टिकते, याचे उत्तर पॅसिफिक महासागरात मिळाले. तेथे १९७८ मध्ये गोटे उचलण्याच्या चाचणीत पडलेला चर २००४ मध्ये पुन्हा तपासला असता, २६ वर्षांनंतरही त्यातील सूत्रकृमींची संख्या व विविधता आसपासच्या तळापेक्षा कमी आढळली.

महत्त्व : हे कृमी सूक्ष्मजंतू व शैवल खातात आणि स्वतः लहान मासे, कोळंबी इत्यादींचे खाद्य होतात. त्यांची अंडी व पिल्ले गाळातच वाढत असल्याने एखाद्या ठिकाणची हानी पाण्यातून वाहत येणाऱ्या डिंभांनी चटकन भरून निघत नाही. त्यामुळे तळाच्या प्रकृतीचे निदर्शक म्हणून ते उपयुक्त ठरतात. परंतु केवळ संख्या मोजणे पुरेसे नसते. प्रदूषण सोसणाऱ्या थोड्याच जाती वाढल्या, तरी एकूण संख्या मोठीच दिसते. जाती ओळखण्यासाठी वर्गीकरणतज्ज्ञ लागतात. डीएनएच्या आधारे जाती वेगळ्या करण्याचे तंत्र उपलब्ध झाले असले, तरी त्या क्रमाला नाव देण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखलेला नमुना आवश्यकच असतो. बॅस्टियन व डी मान यांनी आरंभिलेल्या वर्णनात्मक कार्याची गरज म्हणूनच संपलेली नाही. समुद्रतळ खणण्यापूर्वी तेथे कोण राहते हे सांगण्याचा तोच आधार आहे.