शेक्सपिअरकालीन रंगभूमीवरील प्रच्छन्न धर्मार्थ : ‘हॅम्लेट’च्या अनुषंगाने एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

अभिजात नाटकाच्या संहितेत लेखकाने आपली धर्मश्रद्धा सांकेतिक रूपात दडवून ठेवली असावी, हा विचार अभ्यासकांना दीर्घकाळ आकर्षित करीत आला आहे. विल्यम शेक्सपिअर (1564-1616) हा या चर्चेचा केंद्रबिंदू होय. तो मनाने रोमन कॅथलिक होता आणि त्याची नाटके म्हणजे छळ सोसणाऱ्या समाजाला दिलेले गुप्त संदेश होत, असे प्रतिपादन क्लेअर आस्क्विथ यांनी 2005 मध्ये ‘शॅडोप्ले’ या ग्रंथात केले. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ‘हॅम्लेट’ या नाटकाच्या संदर्भात करण्यात आला आहे. नाटककाराची वैयक्तिक श्रद्धा शोधण्यापेक्षा धर्मार्थ प्रच्छन्न राहण्याची ऐतिहासिक कारणे तपासणे अधिक फलदायी ठरते, हे येथे दाखवावयाचे आहे.

मौनाची कायदेशीर चौकट

1534 मध्ये आठव्या हेन्रीने पोपची सत्ता नाकारली. त्यानंतर सहाव्या एडवर्डच्या काळात प्रॉटेस्टंट, मेरीच्या काळात पुन्हा कॅथलिक आणि 1559 पासून एलिझाबेथच्या अमलात पुन्हा प्रॉटेस्टंट, अशी इंग्लंडच्या अधिकृत धर्माची स्थित्यंतरे एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडून आली. चर्चमधील उपासनेस गैरहजर राहणाऱ्यास 1559 च्या कायद्याने बारा पेन्स दंड होता. 1581 मध्ये तो दरमहा वीस पौंडांवर नेण्यात आला. त्याच वर्षी जेझुइट धर्मगुरू एडमंड कँपियन यास देहान्त शासन झाले.

रंगभूमीही या नियंत्रणातून सुटली नाही. मे 1559 च्या राजघोषणेने धर्म व राज्यकारभार या विषयांवरील नाट्यप्रयोगांना मज्जाव केला. यॉर्क, चेस्टर, कॉव्हेंट्री या नगरांतील, बायबलमधील कथांवर आधारित पारंपरिक नाट्यचक्रे 1569 ते 1579 या दशकात बंद पडली. 1606 च्या कायद्याने रंगमंचावर ईश्वराचे नाव थट्टेने किंवा अनादराने उच्चारल्यास दहा पौंड दंड ठेवला. धर्म हा समाजाचा सर्वांत ज्वलंत प्रश्न आणि त्याविषयी उघड बोलणे निषिद्ध, अशा या कोंडीत अनुक्त सूचना हीच रंगभूमीची भाषा झाली. ‘मॅकबेथ’मधील द्वारपालाच्या प्रवेशात ती स्पष्ट दिसते. 1605 च्या दारूगोळा कटानंतर हेन्री गार्नेट या जेझुइटाला मे 1606 मध्ये फाशी देण्यात आले. चौकशीत शपथेवर संदिग्ध उत्तर देण्याच्या, म्हणजे आपल्या परिचयाच्या ‘नरो वा कुंजरो वा’ पद्धतीच्या समर्थनासाठी तो कुप्रसिद्ध झाला होता. द्वारपाल त्याचे नाव घेत नाही. परंतु द्व्यर्थी बोलणाऱ्या माणसाला नरकाच्या दारात उभे करताच तत्कालीन प्रेक्षकाला रोख उमगत असे.

मृतांशी तुटलेले नाते

‘हॅम्लेट’ समजून घेण्यासाठी आणखी एका बदलाची दखल घ्यावी लागते. कॅथलिक श्रद्धेनुसार पापांची क्षमा झालेला, परंतु पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा पर्गेटरीत, म्हणजे शुद्धिस्थानात, यातना भोगतो. जिवंत आप्तांच्या प्रार्थनांनी व त्याच्यासाठी अर्पण केलेल्या मिस्सांनी त्या यातना कमी होतात. अशा मिस्सांसाठी इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी दाननिधी ठेवलेले होते. 1547 च्या कायद्याने ते राज्याने ताब्यात घेतले. पुढे इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी बाविसाव्या कलमाने पर्गेटरीची कल्पनाच शास्त्राधार नसलेली म्हणून फेटाळली.

हा बदल केवळ धर्मशास्त्रीय नव्हता. वडील वारले, तर त्यांच्यासाठी मुलाने काही करावयाचे उरलेच नाही. शोक राहिला, पण त्याला वाट करून देणारा विधी राहिला नाही.

भूत आणि त्याची मागणी

1600 च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘हॅम्लेट’मधील पित्याचे भूत पर्गेटरी हा शब्द उच्चारत नाही. मात्र ठराविक मुदतीसाठी आगीत राहून आपल्या पापांचे क्षालन होत असल्याचे ते सांगते. नरकवासाला मुदत नसते. म्हणून हे वर्णन शुद्धिस्थानालाच लागू पडते. पापनिवेदन, अंतिम ख्रिस्तप्रसाद आणि तैलाभ्यंग यांविना आपणास मृत्यू आला, ही त्याची तक्रारही कॅथलिक परंपरेतील आहे. भूत निघून गेल्यावर हॅम्लेट संत पॅट्रिकची शपथ घेतो. आयर्लंडमधील लॉफ डर्ग येथील या संताच्या नावाचे तीर्थस्थान पर्गेटरीचे प्रवेशद्वार मानले जात होते.

याउलट हॅम्लेट शिकला आहे तो विटेनबर्ग येथे, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या विद्यापीठात. पित्याचे रूप घेऊन आलेला हा सैतान तर नसेल, ही त्याची शंका प्रॉटेस्टंट शिकवणुकीशी जुळते. शिवाय शुद्धिस्थानातील आत्मा प्रार्थना मागतो. हे भूत मात्र सूड मागते आणि आपले स्मरण ठेवण्यास बजावते. स्टीफन ग्रीनब्लाट यांनी ‘हॅम्लेट इन पर्गेटरी’ (2001) या ग्रंथात या स्मरणाचेच महत्त्व विशद केले आहे. पाचव्या अंकात ऑफेलियाच्या दफनप्रसंगी लेअर्टिस आणखी कोणता विधी बाकी आहे, असे पुनःपुन्हा विचारतो आणि धर्मगुरू अधिक काही करण्यास नकार देतो. विधी नाकारला गेलेला शोक हे सूत्र असे नाटकाच्या आरंभापासून शेवटपर्यंत टिकून राहते.

सांकेतिक वाचनाच्या मर्यादा

मग हे नाटक कॅथलिक ठरते काय? पुरावे तसा निर्वाळा देत नाहीत. नाटककाराचा पिता जॉन याचे नाव 1592 मध्ये चर्चला न जाणाऱ्यांच्या यादीत आढळते. परंतु तेथे कारण कर्जवसुलीच्या भीतीचे नोंदले आहे. जॉनच्या नावे प्रसिद्ध झालेले कॅथलिक श्रद्धापत्र 1757 मध्ये स्ट्रॅटफर्डच्या घराच्या छपरात सापडले होते. मॅथ्यू स्टेगल यांनी 2024 मध्ये ते जॉनचे नसून नाटककाराची बहीण जोन हिचे असावे, असे प्रतिपादन केले. कारण त्याचा मूळ इटालियन मजकूर जॉनच्या मृत्यूनंतरचा आहे.

समकालीन कॅथलिक वाचकांची साक्षही एकमुखी नाही. यॉर्कशरमधील गाउथवेट येथे सर जॉन यॉर्क या कॅथलिक जमीनदाराच्या घरी 1609-10 च्या हिवाळ्यात प्रयोग करणाऱ्या फिरत्या मंडळीच्या नाटकांत ‘लिअर’ व ‘पेरिक्लीज’ होती. तथापि न्यायालयीन चौकशी ओढवली ती संत ख्रिस्तोफरवरील नाटकाच्या प्रयोगामुळे. उलट, स्पेनमधील वायादोलिद येथील इंग्रज कॅथलिक विद्यालयाच्या प्रतीवर (1632 ची दुसरी फोलिओ आवृत्ती) विल्यम सँकी या जेझुइटाने अनेक ओळी खोडल्या आणि ‘मेझर फॉर मेझर’ हे नाटक तर समूळ काढून टाकले. गुप्त संदेश खरोखर कॅथलिकांसाठी असते, तर त्यांच्याच धर्मगुरूने ही कात्री चालविली नसती.

संकेतांची यादी बनवून केलेल्या वाचनाचा दोष हा की, ते कोणत्याही संहितेवर बसविता येते. मराठी अभ्यासकाला कसोटीचे उदाहरण घरातच उपलब्ध आहे. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तील (1907) राजकीय रूपक प्रेक्षकांनी ओळखले आणि सरकारने 1910 मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. तेथे प्रच्छन्न अर्थाला प्रेक्षक व शासन या दोहोंची साक्ष आहे. ‘हॅम्लेट’बाबत तशी साक्ष नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, ‘हॅम्लेट’मधील धर्मार्थ कुलूपबंद पेटीतील चिठ्ठीसारखा नाही. कायद्याने पुसलेली श्रद्धा लोकांच्या स्मृतीत शिल्लक होती. नाटककाराने त्या स्मृतीला रंगमंचावर वाणी दिली आणि निर्णय प्रेक्षकावर सोपविला. गो. ग. आगरकरांच्या ‘विकारविलसित’पासून (1883) हे नाटक मराठीत परिचित आहे. श्राद्ध, गती, अतृप्त आत्मा या कल्पना जवळच्या असल्याने येथील वाचकाला ते भूत सहज पटते. मात्र या सहजतेमुळेच त्यामागील निषिद्ध श्रद्धेचा इतिहास नजरेआड होण्याचा संभव असतो. वर्गात हे नाटक शिकविताना नाटककाराचा धर्म कोणता, या प्रश्नाऐवजी मृत पित्यासाठी मुलाने काय करावे आणि ते करण्याचा मार्ग कोणी बंद केला, हा प्रश्न विचारला गेल्यास साहित्य व इतिहास या दोन्ही विषयांना न्याय मिळेल.