हिशेबाची उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज उच्चारला की डोळ्यांपुढे निवडणूक उभी राहते. एकोणिसाव्या शतकात मात्र हा शब्द कचेरीच्या ओसरीवर बसलेल्या एखाद्या पोरसवदा माणसाचा होता. नोकरी अद्याप मिळालेली नाही, पगाराचा तर प्रश्नच नाही. जुन्या कारकुनाच्या हाताखाली नकला करावयाच्या, आकडेमोड करावयाची, आणि केव्हा तरी एखादी जागा रिकामी होईल या उमेदीवर वर्षे काढावयाची, असा तो उमेदवार. जेवणाची सोय एखाद्या आप्ताकडे, नाही तर वार लावून. शिकणे, राबणे आणि पोट भरणे ही तिन्ही कामे त्याला एकाच दिवसात बसवावी लागत. आज चार्टर्ड अकाउंटंटची परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना अभ्यास आणि संसार यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न पडतो. तो नवा आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो या ओसरीइतका जुना आहे.

हे बोलताना माझ्या मनात रायपूर आहे. तेथील शंकरनगरासारख्या वस्तीतल्या मराठी घरातला एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी रात्री ताळेबंद मांडीत बसते, तेव्हा ती त्या प्रदेशातील एका जुन्या मराठी व्यवसायाचाच धागा पुढे नेत असते. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या कक्षेत आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, आणि त्यांच्याबरोबर मोडी लिपी आली. मोडी आली म्हणजे कारकून आले, आणि कारकून आले म्हणजे रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हा सारा पसाराही आला. ही विद्या शिकविणारी शाळा नव्हती. हिशेब आणि पत्रे कशी लिहावी हे सांगणारी मेस्तके होती खरी. पण मेस्तक वाचून कोणी फडणीस होत नसे. वडीलधाऱ्या माणसाच्या शेजारी बसून, त्याचा बोरू कोठे थांबतो आणि कोठे धावतो हे पाहूनच ते साधे. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, २०१५ साली भारतीय चार्टर्ड अकाउंटंट्स संस्थेच्या अध्यक्षपदी बसलेल्या इंदूरच्या गृहस्थांचे नाव मनोज फडणीस. हुद्दे जातात, आडनावे राहतात, आणि क्वचित हुद्दाही आडनावाचा माग काढीत परत येतो.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि दफ्तराची भाषा, लिपी, पद्धत सारेच पालटले. हिशेब तपासणाऱ्याचा धंदा कायद्याच्या चौकटीत बसविण्याच्या दृष्टीने १९१३ हे साल मोठे महत्त्वाचे. त्या वर्षी नवा कंपनी कायदा झाला व कंपन्यांचे हिशेब कोणी तपासावे यावर सरकारी प्रमाणपत्राचे बंधन आले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघून वाणिज्याला महाविद्यालयाचे दार उघडले. आणि त्याच वर्षी इकडे रायपुरात वामनराव लाखे यांनी सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन केली. लाखे हे वकील. माधवराव सप्र्यांच्या ‘छत्तीसगढ मित्र’ मासिकाचे प्रकाशक. धानाचे पीक घेणारा शेतकरी सावकाराच्या वहीतून सुटावयाचा तर त्याच्यासाठी दुसरी, उघडी वही असली पाहिजे, हे सहकाराचे मर्म. तेव्हा हिशेबाचे शिक्षण ही केवळ मुंबईच्या पेढ्यांची गरज नव्हती. ती आडगावच्या शेतकऱ्याचीही गरज होती.

१९१८ साली मुंबईत ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे काम करावयाचे आणि परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे, म्हणजे हिंदुस्थानात कोठेही ऑडिटर म्हणून धंदा करण्यास मोकळीक. ही आर्टिकलशिपची पद्धत विलायतेहून आली. तेथे सामान्यतः पाच वर्षांचा करार असे, पदवीधरास तीन वर्षांचा, आणि शिकविणाऱ्या मालकाला वर प्रीमियम म्हणून रक्कम द्यावी लागे. आमचा उमेदवार फुकट राबत होता. विलायती उमेदवार पैसे मोजून राबत होता!

परंतु या पद्धतीतील खरी मेख पैशाची नसून वेळेची होती. वैद्यक शिकणारा विद्यार्थी दिवसभर विद्यार्थीच असतो. हिशेब शिकणारा दिवसा दुसऱ्याच्या वह्यांचा नोकर असतो आणि विद्यार्थी व्हावयाचे ते रात्री किंवा पहाटे. आता गिरगावातील चाळीची एक खोली डोळ्यांपुढे आणा. सहासात माणसे, एक दिवा, पहाटे नळाला येणारे पाणी. मुलाला वाचावयाचे म्हणजे बाकीच्यांनी लवकर निजावयाचे, किंवा त्याने चटई घेऊन गॅलरीत जावयाचे. त्याचा डबा पहाटे कोणी तरी भरावयाचा, त्याच्या वाट्याचे पाणी कोणी तरी भरावयाचे, बाजारहाट धाकट्या भावंडांनी करावयाची. दिवसाच्या तासांची बेरीज मुलाच्या बाजूने वाढली की कोणाच्या तरी बाजूने ती घटलीच पाहिजे. दुहेरी नोंदीचा नियम घरालाही चुकत नाही. बहुधा ती आईच्या बाजूने घटे. या धंद्याच्या इतिहासात कायदे, मंडळे आणि अध्यक्ष यांची नोंद आहे. या तासांची नाही. मला तरी हा त्या इतिहासातला सर्वांत मोठा राहिलेला जमाखर्च वाटतो.

स्त्रियांना तर दोन्ही बाजू एकाच वहीत मांडाव्या लागल्या. मद्रासच्या आर. शिवभोगम् यांनी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसला, सुटल्यावर हिशेबशास्त्राचा अभ्यास केला, आणि १९३३ साली त्या या देशातील पहिल्या महिला हिशेबनीस झाल्या. पण तुरुंगवास भोगलेल्यांची नावे नोंदवहीत न घेण्याचा नियम आडवा आला. त्याविरुद्ध झगडून त्यांनी आपले नाव नोंदवून घेतले. परीक्षा देण्याचा अधिकार आणि परीक्षेसाठी लागणारी सवड या निराळ्या गोष्टी आहेत. पहिला कायद्याने मिळतो.

१ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था अस्तित्वात आली. सभासद सुमारे १,७००. पहिले अध्यक्ष जी. पी. कपाडिया. संस्थेला बोधचिन्ह दिले श्रीअरविंदांनी: गरुड, आणि त्यासोबत कठोपनिषदातील वचन. सारे निजलेले असताना जो जागा असतो त्याचे ते वर्णन आहे. उपनिषदाला अभिप्रेत असलेला जागरूक पुरुष निराळा; पण रात्री दोन वाजता कायद्याचे पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याने ते आपल्याविषयीच आहे असे मानले, तर त्याला दोष कोण देईल?

परीक्षेचा हिशेबही मोठा कठोर. प्रत्येक विषयात किमान ४० गुण हवेत आणि एकूण सरासरी ५० टक्के. म्हणजे प्रत्येक विषयात उत्तीर्ण झालेला विद्यार्थी एकंदरीत अनुत्तीर्ण ठरू शकतो. मग पुन्हा सहा महिने तीच पुस्तके. आणि परीक्षेचे महिने कोणते? कित्येक दशके मे आणि नोव्हेंबर. मराठी घराचे वर्ष ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातील गंमत सांगावयास नको. मे म्हणजे लग्नसराई, आंबे, पाहुणे. नोव्हेंबर म्हणजे दिवाळी किंवा तिची मागची-पुढची आठवण. ज्या सणात व्यापारी वहीपूजन करून नवे हिशेब उघडतो, नेमक्या त्याच सणात हिशेबाचा विद्यार्थी दार लावून बसलेला. बहिणीचे लग्न असले तरी ‘ग्रूप संपला की येतो’ हे उत्तर अनेक घरांनी ऐकले आहे. २०२४ साली अंतिम परीक्षा १ नोव्हेंबरला सुरू व्हावयाची होती. दिवाळीमुळे ती पुढे ढकलली गेली, ती ३ नोव्हेंबरला. लक्ष्मीपूजन सुटले आणि भाऊबीज सापडली.

रायपूरच्या मराठी विद्यार्थ्याची आणखी एक कथा आहे. १९५६ पर्यंत त्याच्या प्रांताची राजधानी नागपूर होती; नंतर भोपाळ झाली; २००० साली छत्तीसगड राज्य होऊन रायपूर स्वतःच राजधानी बनले. संस्थेच्या रचनेत मात्र महाराष्ट्र पश्चिम विभागात आणि रायपूर मध्य विभागात. त्या विभागाचे मुख्य ठाणे कानपूर. ज्या नागपूरशी शंभर वर्षांवर दफ्तराचे नाते होते, ते नागपूर या नकाशात परक्या विभागात गेले. घरी मराठी, रस्त्यावर छत्तीसगढी आणि हिंदी, उत्तरपत्रिकेत बहुधा इंग्रजी. त्या घरातील आजीला ‘ताळेबंद’ हा शब्द कळतो आणि नातवाला त्याचे इंग्रजी नावच तेवढे ठाऊक असते, असेही होते.

अलीकडे नियम पालटले आहेत. विद्यावेतन पूर्वीच सक्तीचे झाले आणि आठवड्यास किमान ३५ तासांचे काम ठरले. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली, आणि ती संपल्यावर अंतिम परीक्षेपूर्वी सहा महिने निव्वळ अभ्यासासाठी राखले गेले. १९१८ पासून एकमेकांत गुंतलेले दोन दिवस, कचेरीचा आणि पुस्तकाचा, या वेळी प्रथमच काहीसे निराळे काढले गेले. मला हा पालट कायद्यातील कित्येक मोठ्या कलमांपेक्षा मोलाचा वाटतो. अर्थात त्या सहा महिन्यांत घरात पगार येत नाही. तेव्हा ज्याच्या मागे कमावते माणूस आहे त्यालाच हे स्वातंत्र्य पुरते लाभते; बाकीचे पूर्वीप्रमाणेच पहाट आणि रात्र वापरतात.

२०२५ पासून अंतिम परीक्षाही वर्षातून तीनदा होऊ लागली: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. नोव्हेंबर गेला, दिवाळी घराला परत मिळाली. त्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या, तेव्हा गणपती अजून मखरात होते.