क्लच नसलेली गाडी

आमच्याकडे, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीत, एक काळ असा होता की कुठल्याही मोपेडला लोक 'लुना' म्हणत. कंपनी कोणतीही असो. नर्सबाईंची लुना, पोस्टमनची लुना, तेंदूच्या फळीवर येणाऱ्या मुन्शीची लुना. आणि या सगळ्या गाड्यांची ओळख सांगताना एक वाक्य हमखास यायचं: 'हिले क्लच नसते.' हे वाक्य यांत्रिकदृष्ट्या चूक आहे, पण सामाजिक इतिहास म्हणून अगदी बरोबर आहे. क्लच त्या गाडीत असतोच. नसते ती डाव्या हाताची दांडी. ती दांडी गेल्यामुळे कोण कोण रस्त्यावर आलं, याचा हिशेब कुणी नीट मांडलेला नाही. मी इथे थोडा प्रयत्न करतो.

आधी क्लच कशाला लागतो ते. पेट्रोलचं इंजिन शून्य वेगापासून ओढू शकत नाही. ते आधी फिरत असावं लागतं, मगच त्यात ताकद येते. चाक मात्र उभं असतं. फिरणारं इंजिन आणि उभं चाक यांची गाठ एकदम बांधली तर इंजिन बंद पडतं. म्हणून मध्ये घसरू शकणारा एक सांधा हवा. नेहमीच्या मोटरसायकलमध्ये तो सांधा डावा हात सोडवतो आणि हळूहळू जोडतो. ज्यांनी राजदूत शिकताना शेजारच्या कुंपणात गाडी घातली आहे त्यांना या 'हळूहळू'चा अर्थ माहीत आहे.

तो हात काढून टाकण्याचे दोन मार्ग जुन्या गाड्यांनी शोधले, आणि दोन्ही आमच्या भागात येऊन पोचले.

पहिला मार्ग चेकोस्लोव्हाकियाचा. जावा कंपनीची 'पेराक' ही २५० सीसीची मोटरसायकल दुसऱ्या महायुद्धात, जर्मन ताब्यात असताना, लपूनछपून आखली गेली आणि १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात जगापुढे आली. तिच्यात गिअरचा पाय हलला की त्याच हालचालीने आतला क्लचही उचलला जाई. गिअर बदलताना डाव्या हाताची गरज नाही. मात्र जागेवरून निघताना हात लागेच, म्हणून हा अर्धाच स्वयंचलित क्लच. पुढे जावा भारतात आली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१पासून जावा आणि १९७३पासून येझदी या नावाने गाड्या निघू लागल्या, त्यांतही हीच युक्ती होती. आमच्या आळीत एक येझदी होती. तिचा मालक गावातून जाताना डावा हात मांडीवर ठेवून गिअर टाकायचा आणि आम्ही पोरं ते जादूचा प्रयोग असल्यासारखं बघायचो. किक आणि गिअर एकाच दांडीत, हीसुद्धा त्या गाडीची खासियत. पण ही पुरुषांची ऐट होती. जड गाडी, वर टाकी, त्यावरून पाय टाकून बसायचं. साडी नेसलेल्या बाईला तिचा काही उपयोग नव्हता.

दुसरा मार्ग साधा आहे, आणि माझ्या मते जास्त मोठा. इंजिनाच्या दांड्यावर दोन-तीन अर्धगोल शू बसवायचे, त्यांना स्प्रिंगांनी आत ओढून धरायचं आणि भोवती एक ड्रम ठेवायचा. इंजिन मंद फिरत असेल तर स्प्रिंगा जिंकतात, शू आतच राहतात, गाडी उभी. ॲक्सिलरेटर पिळला, वेग वाढला, की शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला घासतात आणि धरतात. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यात साखळ्या बाहेर फाकतात तेच हे. यातली मेख अशी की फेकणारी ताकद वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की ताकद चौपट. म्हणून पकड आधी नाहीच, मग थोडी, मग एकदम घट्ट अशी आपोआप येते. डावा हात शिकून जे करतो ते स्प्रिंगेचा ताण आणि शूचं वजन मिळून न शिकता करतात.

होंडाने १९५८ साली सुपर कबमध्ये हे दोन्ही मार्ग एकत्र केले. निघताना फेकणारे शू आणि गिअर बदलताना पायाच्या दांडीने सुटणारा क्लच. सोईचिरो होंडांना अशी गाडी हवी होती की शेवया पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात ताटं धरून चालवता यावी, असं सांगितलं जातं. २०१७पर्यंत त्या घराण्याच्या दहा कोटी गाड्या निघाल्या. भारतात तिचं रूप हिरो होंडा स्ट्रीट म्हणून नव्वदच्या दशकात आलं आणि फारसं चाललं नाही. तोवर आपल्याकडे मोटरसायकल म्हणजे क्लच हे समीकरण पुरुषांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. क्लच नाही म्हणजे बायकी गाडी. या एका शब्दाने किती चांगलं यंत्र मारलं असेल!

महाराष्ट्रापुरतं पाहायचं तर खरी गोष्ट १९७२ची. हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने पियाजिओच्या 'चाव' या इटालियन मोपेडच्या धर्तीवर ५० सीसीची लुना आणली. वर आडवी टाकी नाही, एकच वेग, गिअर नाही आणि पेट्रोल संपलं तर सायकलसारखे पेडल. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसण्याचा तो काळ. १९८०मध्ये दक्षिणेतून दोघांना बसता येईल अशी टीव्हीएस ५० आली. 'चल मेरी लुना' ही पियूष पांडे यांची जाहिरात पुढे घराघरात गेली. तिच्यात काय होतं यापेक्षा काय नव्हतं ते मला महत्त्वाचं वाटतं: गाडी शिकण्याची भीती नव्हती.

२६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नवी उपकेंद्रं, नव्या शाळा आणि त्यांत बदलून आलेल्या बायका. माझी मावशी त्यांतली एक. चामोर्शी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम. तिच्याकडे पाच-सहा गावं आणि लसींचा निळा डबा. बर्फ वितळायच्या आत शेवटच्या गावाला पोचायचं. एसटी दिवसातून एकदा, तीही मुख्य रस्त्यावर. सायकलवर तिने दोन उन्हाळे काढले, मग कर्ज काढून मोपेड घेतली. कोणत्या कंपनीची हे जाऊ द्या, गावाने तिला लुनाच म्हटलं. शिकायला तिला एक संध्याकाळ लागली. डबा समोर पायांच्या मध्ये ठेवायचा, आणि खाचखळगा आला की डाव्या हाताने त्याला आधार द्यायचा. क्लच असता तर तो हात मोकळा नसता. मला या यंत्राचा सगळा इतिहास त्या एका हातात दिसतो.

पण जंगलाने या यंत्राची उणीवही लगेच दाखवली. पकड वेगावर अवलंबून आहे, म्हणजे हळू चालणं हा तिचा गुन्हा. आमचे रस्ते हळूच चालायला लावणारे. मुरुमाचा चढ, नाल्यातली वाळू, पावसाळ्यात रपट्यावरचा चिखल. अशा जागी इंजिन जोर लावतं पण फेरे वाढत नाहीत, शू अर्धे धरतात, अर्धे घसरतात आणि घासून तापतात. गिअरच्या गाडीला पहिला गिअर असतो. इथे एकच वेग, पळवाट नाही. लायनिंग काळं, काचेसारखं गुळगुळीत पडतं आणि मग सपाट रस्त्यावरही इंजिन ओरडतं, गाडी जात नाही. चामोर्शीच्या मिस्त्रीने मावशीला एका वाक्यात सगळं शास्त्र सांगितलं होतं: 'बाई, तुमी धीरे चालवता म्हणून जळते. चढ आला का पुरी पिळा, नाही तं उतरून पेडल मारा.' ती उतरून पेडल मारायची. साडी खोचून. हे चित्र मला गौरवाचं वाटत नाही, तो नोकरीचा घाम होता.

उताराचा प्रश्न उलटा. वेग कमी झाला की शू आत जातात आणि इंजिन चाकापासून सुटतं, म्हणजे इंजिनाचा अडसर मिळत नाही. नाल्यात उतरताना सगळा भार ब्रेकवर. मिस्त्री म्हणे, पावसाळ्यात क्लचचे शू आणि ब्रेकचे शू तो एकत्रच मागवून ठेवतो.

या उणिवेवर पहिला चांगला उतारा १९८४च्या कायनेटिक होंडाने काढला. पट्टा आणि मागेपुढे सरकणाऱ्या पुल्या, ज्यांनी उतारचढावाप्रमाणे वेगाचं प्रमाण आपोआप बदलत राहावं. त्यातही शेवटी फेकणारे शू असलेला क्लच होताच, शिवाय बटणस्टार्ट. आजच्या पेट्रोलवरच्या जवळपास सगळ्या स्कूटर याच कुळातल्या. पण ती शहराची, पैशाची गाडी होती. चंद्रपूरच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत दिसायची, एटापल्लीच्या रस्त्यावर क्वचितच.

कायद्यानेही हा फरक नोंदवून ठेवला. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात लायसन्सचे वर्ग पाहा: 'गिअर नसलेली मोटरसायकल' आणि 'गिअर असलेली मोटरसायकल' असे दोन वेगळे. शिवाय ५० सीसीपर्यंतच्या गाडीला सोळाव्या वर्षी परवानगी. म्हणजे सरकारी कागदावर मोपेडची व्याख्या तिच्यात काय नाही यावरून झाली, आमच्या गावासारखीच. मावशीच्या लायसन्सवर 'विनागिअर' होतं आणि आरटीओतल्या कारकुनाने ते छापताना हसून काहीतरी म्हटलं होतं, जे तिने मला कधी सांगितलं नाही.

२०००च्या आसपास जुनी लुना बंद झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच नावाची विजेची गाडी आली. विजेची मोटर शून्य वेगापासूनच ओढते, तिला घसरणारा सांधा लागतच नाही. म्हणजे आता खरोखरच क्लच नसलेली गाडी. मावशी निवृत्त होऊन गडचिरोलीत असते. मी तिला हा फरक समजावून सांगितला तेव्हा तिने फक्त एक विचारलं: वाळूतून निघते का?