पट्टी कोणाच्या हातात?

१८९८ साली केंब्रिज विद्यापीठाची एक शास्त्रीय मोहीम ए. सी. हॅडन यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेली. तेथील लोकांची दृष्टी तपासण्याचे काम डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे होते. 'रानटी' माणसाची नजर तीक्ष्ण आणि बुद्धी मंद, हा त्या काळच्या गोऱ्या विद्वानांचा लाडका सिद्धांत होता.

रिव्हर्स यांच्या चाचण्यांत म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये मांडलेला रेषांचा भास होता. दोन रेषा सारख्याच लांबीच्या. पण एकीच्या टोकांची पाती आत वळलेली, दुसरीची बाहेर फाकलेली. त्यामुळे दुसरी लांब भासते. या भासाला इंग्रज अधिक फसले, बेटवासी कमी. पुढे निलगिरीतील तोडा लोकांतही रिव्हर्स यांना हेच आढळले. नजरेच्या तीक्ष्णतेतला फरकही सांगितला जाई तेवढा मोठा निघाला नाही.

आता सिद्धांत मोडायला हवा होता. पण रिव्हर्स यांनी लिहिले की, इंद्रियांच्या पायावर फार शक्ती खर्च झाली तर बुद्धीची इमारत खुरटते. म्हणजे जो कमी फसला तोच कनिष्ठ! आकडे बदलले, उतरंड तशीच राहिली.

१९६६ मध्ये सेगॉल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स यांनी अनेक समाजांतील तुलना प्रसिद्ध केली. अमेरिकेतील इव्हान्स्टनचे रहिवासी सर्वाधिक फसले. कालाहारीचे सान लोक जवळजवळ फसलेच नाहीत. काटकोनी घरांत वाढलेला डोळा वेगळे पाहायला शिकतो, असे त्यांचे म्हणणे. या स्पष्टीकरणावर पुढे वाद झाले. परंतु फरकाचे कारण रक्तात नव्हे, भोवतालात शोधण्याची वाट खुली झाली.

आपल्याकडेही पट्टी आली होती. रिस्ले यांनी १८९१ मध्ये नाकाच्या मापावरून जातींची उतरंड सिद्ध करू पाहिली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये तसलीच मापे हाती घेऊन दाखवले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत. पट्टी तीच, धरणारा हात बदलला.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच वाटेवरचा. उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधण्याची कोडी दिली. जात उच्चारली नव्हती तोवर सवर्ण आणि दलित मुलांत फारसा फरक नव्हता. सर्वांसमोर जात जाहीर होताच दलित मुले मागे पडली. मुले तशीच, कोडी तशीच. बदलली ती फक्त खोलीतली हवा.

'गुणवत्ते'चा जप करणाऱ्यांना म्हणूनच विचारले पाहिजे : तुम्ही मोजता ते मुलाची बुद्धी, की ज्या खोलीत त्याला बसवले तिची जात? हा प्रश्न शिक्षकांनी आधी आपल्याच वर्गात विचारावा. तिथली हवा बदलणे त्यांच्या हाती आहे.